समोर येऊन बोलणाऱ्या गिरजाबाई

गिरजाबाईंनी मला कधीही पाठीमागून हाक मारली नाही. एकदा मी खिडकीशी उभी राहून पोस्टमनची वाट बघत होते आणि माझ्या मागे स्टोव्हवर दूध वर आलं होतं. गिरजाबाई दारातून आत आल्या. त्यांनी दूध पाहिलं. दुसरी कुणी असती तर उंबऱ्यातूनच ओरडली असती. या बाई मला वळसा घालून पुढे आल्या, खिडकी आणि मी यांच्यामध्ये उभ्या राहिल्या, माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि मग म्हणाल्या, "वैनी, दूध उतू जाऊन राहिलं." तोवर अर्धं दूध जाऊन स्टोव्हही विझला होता. मी चिडून म्हटलं, "अहो, तिथूनच सांगायचं होतं की." त्यावर त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "पाठीशी काय बोलाचं? पाठ काय आन भिताड काय, सारखंच. माणसाशी बोलाचं तं तोंडाशी बोलाव."

बहात्तर साल असेल. यांची बदली नागपूरला झाली आणि तांडापेठेत विणकरांच्या गल्लीत आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. माझं माहेर नाशिककडचं, आवाज बारीक, आणि स्वभाव जात्याच काळजीखोर. मन चिंती ते वैरी न चिंती ही म्हण माझ्याकडे बघूनच कुणीतरी केली असावी असं हे म्हणायचे. त्या गल्लीत सकाळी सातपासून हातमाग सुरू व्हायचे. घरोघरी एक-दोन माग, आणि सगळ्यांचा मिळून असा खडखडाट की पहिले आठ दिवस मला शेजारच्या खोलीतला रेडिओ दिसायचा पण ऐकू यायचा नाही. तिथली माणसं मात्र त्या गोंगाटात आरामात गप्पा मारायची. कुणी ओरडत नसे. ज्याच्याशी बोलायचं त्याच्यापुढे जाऊन उभं राहायचं, त्याची नजर वर आली की ओठ नीट हलवून सावकाश बोलायचं, बाकी हातवारे. मागून हाक मारणं म्हणजे त्या गल्लीत बावळटपणा होता.

गिरजाबाईंचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. नवरा गेल्यावर त्या स्वतः मागावर बसल्या. तेव्हा बायका फार करून सुताच्या कांड्या भरायच्या, विणायला पुरुष बसायचे, त्यामुळे गल्लीत थोडी कुजबुज झाली म्हणे. "कुजबुज झाली तं झाली. मागाच्या आवाजात मले कोठं ऐकू येते," असं त्या सांगायच्या. दुसऱ्या मागावर त्यांचा दीर असे. तो दिवसभरात मोजून चार शब्द बोलायचा. मुलगा शंकर कळमेश्वरला कारखान्यात हमाली करायचा आणि वर्षातून एकदा दिवाळीला येऊन, जेवून, दुसऱ्या दिवशी निघून जायचा. त्याच्याबद्दल त्या एवढंच म्हणायच्या, "लई मुजोर निघाला पोरगा. बापावर गेला."

आमची नलू तेव्हा सहा वर्षांची होती. पहिलीची परीक्षा कशीबशी झाली होती. दुसरीत गेल्यावर महिनाभरातच तिच्या वर्गाच्या घाटे बाईंनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "मुलगी वाईट नाही, पण वर्गात नसतेच हो. मी एक विचारते, ती दुसरंच सांगते. कधी कधी नुसती हसते. पन्नास मुलांत मी एकटीकडे किती बघणार?" मी घरी येऊन नलूला रागावले. मग रात्रभर झोपले नाही, कारण मलाही काही काही आठवायला लागलं होतं. पावसात खेळताना हाक मारली तर येत नसे. पाहुण्यांनी नाव विचारलं की माझ्याकडे बघायची.

मोठ्या सरकारी दवाखान्यात तिला नेलं. डॉक्टरांनी कानांजवळ घणघणणारे लोखंडी काटे धरले, एका यंत्राचे गोळे कानांवर बसवले, आणि शेवटी म्हणाले, "दोन्ही कानांनी थोडं कमी ऐकू येतं. फार नाही. समोरून बोला, शाळेत पुढे बसवा, वर्षभराने परत आणा. घाबरू नका." घाबरू नका म्हटलं की मी घाबरते. परतीच्या रिक्षात मी ह्यांना विचारलं, "थोडं म्हणजे किती?" ह्यांना तरी काय ठाऊक. पण ह्यांनी एक निर्णय लगेच केला. झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणाला सांगायचं नाही. मुलीची जात, उद्या लग्न करायचंय. शाळेला कळलं तर सरळ बहिऱ्या-मुक्यांच्या शाळेचा पत्ता हातात देतील, आणि तिथे नलूचं काय काम? ती तर चुरूचुरू बोलत होती.

मला ते पटलं, हे मी आज लपवत नाही. मी शाळेत काही बोलले नाही. बाक पुढे द्या असंसुद्धा म्हटलं नाही, कारण मग का ते सांगावं लागलं असतं. नलूला फक्त शिकवलं की ऐकू आलं नाही तर परत विचारायचं नाही, शेजारणीच्या पाटीत बघायचं. आणि घरी मी तिच्या परीक्षा घ्यायला लागले. ती खेळत असली की मागून पळी पाडायची. टाळी वाजवायची. एकदा हळू, एकदा मोठ्यांदा. वळली की जीव भांड्यात पडायचा, नाही वळली की दुपारचं जेवण जायचं नाही. त्या लेकरालाही ते कळलं असावं. मी मागून चालत आले की ती खांदे आखडून घ्यायची. थोडं कमी ऐकू येण्यातला हा सगळ्यात वाईट भाग होता. अजिबात ऐकू येत नसतं तर लोकांनी समजून घेतलं असतं. थोडंच कमी म्हणून आज ऐकू यायचं, उद्या नाही, आणि सगळ्यांना वाटायचं पोरगी ढोंगी आहे. मलासुद्धा कधी कधी तसं वाटायचं.

या सगळ्यात नलू सुखी असायची ती एकाच ठिकाणी, गिरजाबाईंच्या मागापाशी. शाळेतून आली की दप्तर फेकून तिकडे, तिच्या 'आजी'कडे. चरख्यावर कांड्या भरायला शिकली. मी तिला बोलवायला जायची आणि दारातच थबकायची. तो खडखडाट, त्यात गिरजाबाई मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून दोरी ओढताहेत, सुताची कांडी पोटात घेऊन धोटा इकडून तिकडे पळतोय, आणि समोर बसून माझी मुलगी त्यांच्याशी घडाघडा बोलते आहे. विचारलेल्याचं बरोबर उत्तर देते आहे. घरी जी एका शब्दाला तीनदा "अं?" करायची तीच. मला वाटायचं, डॉक्टरच चुकला.

एकदा मी तिथेच न राहवून म्हटलं, "गिरजाबाई, शाळेत म्हणतात हिचं लक्ष नसतं. हिला ऐकू बरोबर येत असेल ना?" एवढंच. दवाखान्याचं अक्षर काढलं नाही. त्यांनी धोटा थांबवला. माझ्याकडे बघून खो खो हसल्या. "या पोरीले? वैनी, काई झालं नाही हिले. इतक्या खटखटीत माह्याशी बोलते, अजून काय पायजे? तुमचाच आवाज उंदरासारखा. मास्तरीणबी तुमच्यासारखीच बारीक बोलत असंन." मी मान हलवली. त्या दिवशी मी निवांत झोपले. पुढे चार महिने, मला भीती वाटली की मी गिरजाबाईंकडे जाऊन तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारायची आणि त्या तेच उत्तर द्यायच्या. औषध घेतल्यासारखं मी ते घेत होते. शाळेतून दुसरी चिठ्ठी आली, मग तिसरी. तिसऱ्या चिठ्ठीत मोठ्या बाईंनी लिहिलं होतं की मुलीची प्रगती अशीच राहिली तर पुढच्या वर्षी आमच्या शाळेत ठेवता येणार नाही.

अमावास्येला त्या गल्लीत माग बंद असायचे. जुनी चाल होती. त्या दिवशी मागाची सफाई, पूजा, नारळ, आणि मग बायका निवांत आपापल्या कामाला. गल्ली इतकी गप्प व्हायची की मला चुकल्यासारखं व्हायचं. पौषातली अमावास्या होती आणि शाळेला सुट्टी होती. नलू सकाळपासून गिरजाबाईंकडे होती. दुपारी गिरजाबाई माझ्या दारात आल्या. नेहमीसारख्या समोर आल्या. खाली बसल्या. त्यांचे हात तेलाने माखलेले होते.

"वैनी," त्या म्हणाल्या, "पोरीले कमी ऐकू येते."

झालं होतं असं. सुट्टीचा दिवस म्हणून त्यांनी नलूला पुढ्यात पाठमोरी बसवून केसांना तेल लावायला घेतलं. लावता लावता विचारलं, गूळ-दाणे खाशीन का वं? गूळ-दाण्यासाठी नलू छपरावर चढली असती. ती हललीच नाही. गिरजाबाईंनी पुन्हा विचारलं, नेहमीच्या आवाजात. बाहेर चिमणी बोलली तरी कळेल एवढी शांतता. पोरगी कांड्यांची रांग लावत बसली होती. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिचे केस त्यांच्या मुठीत होते. "डोस्कं हाललं असतं तं मले हाताले कळलं असतं, वैनी. एवढंबी नाही हाललं. मंग मी समोर गेली आन तेच बोलली, तं टुण्णकन उठली."

मी काय सांगायचं ते आठवडेच्या आठवडे घोकून ठेवलं होतं. कान फुटला होता, सर्दी आहे, वगैरे. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "थोडंच कमी येतं," मी म्हणाले.

"तुमाले मालूम होतं?"

"हो."

"कवापासून?"

"श्रावणापासून. डॉक्टरांनी सांगितलं."

"आन मी येड्यावानी सांगून राहिली, काई झालं नाही, काई झालं नाही. आन तुमी मुंडी हालवून राहिल्या." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांचा आवाज एकदम खाली गेला. "मले काहून नाही सांगितलं, बाई? मले सांगितलं असतं तं मले माह्या पोराचं कळलं असतं."

मग त्यांनी शंकरचं सगळं सांगितलं. मी तोवर त्याच्याबद्दल मुजोर एवढा एकच शब्द ऐकला होता. शाळेत मास्तर नाव घ्यायचा, तो उठायचा नाही. मास्तरने त्याला माजोरी ठरवलं आणि बापाला बोलावलं. बापाने मागाच्या दोरीने मारलं. तिसरीतून काढून मागावर बसवलं. घरात कधी काही कळायची सोयच नव्हती. माग चालू असले की त्या घरात सगळेच बहिरे, आणि सगळेच समोर येऊन बोलणारे. त्यात तो पोरगा बाकीच्यांसारखाच होता. अमावास्येला माग बंद असले की तो बाहेर पळायचा. बाहेर कुणी मागून हाक मारली की वळायचा नाही, मग भांडणं, मग पुन्हा मार. "मीबी मारलं, वैनी. बापानं मारलं तं मारलं, मीबी मारलं. पोरीची जात असती तं डोस्क्याले तेल लावाले बसवलं असतं पुढ्यात. पोराले कोण बसवते? मले कोठून कळंन?" त्या रडल्या नाहीत. तेलकट हात पदराला पुसत राहिल्या आणि पदर खराब होतोय हेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

मला त्या वेळी त्यांचं दुःख कळलं असं म्हणणं खोटं होईल. मला एवढंच वाटलं की आता ही बाई गल्लीभर सांगणार. मी म्हटलं, "कुणाला सांगू नका हां. मुलीचं लग्न—"

"सहा वर्षांच्या पोरीचं लगन?" त्या उठल्या. "उद्या मी तुमच्यासंगं शाळेत येते."

मी नको म्हटलं. हे नको म्हणाले. दुसऱ्या दिवशी दहा वाजता गिरजाबाई धुतलेलं लुगडं नेसून, अर्ध्या दिवसाचा माग बंद ठेवून माझ्या दारात हजर. गल्लीत माग बंद ठेवणं ही काय गोष्ट आहे ते मला माहीत होतं, म्हणून मी निघाले. रस्ताभर मी ठरवत होते की बोलायचं मीच, आणि बोलायचं मोघम.

मोठ्या बाईंच्या खोलीत घाटे बाईही होत्या. मी सुरुवात केली, की नलूला अलीकडे सर्दीचा त्रास, त्यामुळे जरा... गिरजाबाईंनी माझ्या दंडाला हात लावून मला थांबवलं. "बाई, पोरीले कमी ऐकू येते. दवाखान्यातल्या डाक्टरनं सांगितलं हाये." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मोठ्या बाईंचा चेहरा मऊ झाला, पण त्या म्हणाल्या तेच जे मला ऐकायचं नव्हतं. "अहो, मग तिच्यासाठी वेगळ्या शाळा आहेत ना. इथे तिचे हाल कशाला?"

"तिले सगळं बोलता येते, बाई. ऐकू बी येते. फकत मागून येत नाही, आन लांबून येत नाही. तिले पुढं बसवा, आन तिच्याकडं तोंड करून बोला. फळ्याशी बोलू नका." गिरजाबाई सही करायलाही अंगठा पुढे करायच्या. पण तिथे त्या अशा बसल्या होत्या की जणू शाळा त्यांनीच बांधली. "खर्च काय लागते त्याले?"

घाटे बाई लाल झाल्या. मला वाटलं संपलं. पण त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "फळ्याकडे तोंड करून बोलते खरी मी." शेवटी ठरलं ते असं. वार्षिक परीक्षेपर्यंत नलूला पहिल्या बाकावर बसवून बघायचं. परीक्षेत वीस शब्दांचं श्रुतलेखन असतं. बाई शब्द सांगणार, मुलांनी ऐकून लिहायचे. त्यात पास झाली तर राहील. नाही झाली तर दुसरी शाळा. हातात तीन महिने होते. घरी येताना मी गिरजाबाईंशी एक शब्द बोलले नाही. पुढे आठ दिवस बोलले नाही. इतकी बेइज्जती माझी कधी झाली नव्हती.

नवव्या दिवशी नलूच मला हाताला धरून त्यांच्याकडे घेऊन गेली. गिरजाबाईंनी भांडणाचा विषयच काढला नाही. म्हणाल्या, "मले अक्षर येत नाही. शब्द तुमी सांगाचे, लिवाचं पोरीनं. म्या माग चालवतो." मी म्हटलं, या गोंगाटात कसं शक्य आहे? "पन्नास पोरांच्या वर्गात काय कमी गोंधळ रायते? इथं जमलं तं तिथं जमंन."

मग रोज चार वाजता आमची शिकवणी. मी नलूसमोर बसून शब्द सांगायची, नलू पाटीवर लिहायची आणि गिरजाबाई मागावरून लक्ष ठेवायच्या. नलूवर नाही, माझ्यावर. पहिल्याच दिवशी मी ताणून ओरडले तशी त्यांनी माग थांबवला. "ओरडू नका, वैनी. ओरडलं का तोंड वाकडं होते, मंग पोरीले काय दिसंन?" दुसऱ्या दिवशी, "तुमचे ओठ हालतच नाही. दातातल्या दातात काय बोलता, सुपारी लपवली काय?" तिसऱ्या दिवशी, "पोरीच्या पाटीकडं काहून पाहून राहिल्या? तुमी खाली पाहिलं का तुमचं तोंड गेलं." नलूला आईची शिकवणी चाललेली बघून हसू आवरत नसे. मला मात्र दर दिवशी कळत होतं की वर्षभर मी या पोरीशी कशी बोलत होते. स्वयंपाक करताना भिंतीकडे बघून. दुसऱ्या खोलीतून. घासणाऱ्या भांड्यांच्या आवाजात. आणि उत्तर आलं नाही की तिच्यावरच ओरडत. मी मागून पळी पाडणं बंद केलं. मुद्दाम ठरवून नाही, शरमेने.

परीक्षेच्या दिवशी मी शाळेच्या फाटकाशी उभी होते. घरी बसवेना. अकराच्या सुमाराला शिपायाकडून कळलं की घाटे बाई आज आल्याच नाहीत, त्यांचं मूल आजारी आहे, दुसऱ्याच एका वर्गाच्या बाई श्रुतलेखन घेताहेत. त्या बाईंना काही माहीत नव्हतं. मी शिपायाला म्हटलं, मला आत जाऊ द्या, दोन मिनिटं. तो म्हणाला परीक्षा चालू आहे. मी फाटकाचे गज धरून उभी राहिले आणि एकेक देव आठवत गेले.

सुटल्यावर त्या नव्या बाई स्वतःच फाटकापाशी आल्या. "नलिनीची आई का? तुमच्या मुलीने आज माझा वर्ग थांबवला." मी माफी मागायला तोंड उघडलं. त्या म्हणाल्या, "ऐका तरी. मी बाकांमधून फिरत शब्द सांगत होते. दोन शब्द झाले, आणि ही उभी राहिली. म्हणाली, 'बाई, समोर येऊन सांगा ना. मले मागून कमी ऐकू येते.' पोरं हसली. ही तशीच उभी. मग मी आपली पुढे जाऊन उभी राहिले. काय करणार?" मी विचारलं, शब्द किती आले? त्यांनी अजून तपासले नव्हते. दोन दिवसांनी कळलं, वीसपैकी पंधरा. नलू त्याच शाळेत राहिली.

पण त्या क्षणी मला पंधराचं काही नव्हतं. माझ्या डोक्यात एकच, की पन्नास मुलांना कळलं, म्हणजे संध्याकाळपर्यंत पन्नास घरांना कळणार. जे मी दाबून ठेवलं ते सात वर्षांच्या मुलीने भर वर्गात उभं राहून सांगितलं, आणि तेही नागपुरी बोलीत. वाटेत मी नलूला विचारलं, असं बोलायला तुला कुणी शिकवलं? "आजीनं. ती म्हणे, ऐकू नाही आलं तं गप नाही बसाचं, सांगाचं. आई, मी चुकले का?" मी नाही म्हटलं. मला रडू आलं ते तिला दिसू नये म्हणून मी दुसरीकडे बघून म्हटलं, आणि मग लक्षात येऊन तिच्याकडे वळून पुन्हा म्हटलं.

गिरजाबाईंना मी सगळं सांगितलं तेव्हा त्या मागावर होत्या. मला वाटलं हसतील, नलूला गूळ देतील. त्यांनी माग थांबवला. "पोरगी उभी राहून बोलली?" त्यांनी दोनदा विचारलं. मग म्हणाल्या, "मले तीन महिने झाले, वैनी, शंकरले सांगाचं हाये. रोज ठरवतो, उद्या जाईन. भेव लागते. त्यानं म्हटलं का आता काय फायदा, तं मी काय बोलू?" दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरातून एकाच मागाचा आवाज येत होता. त्या पहिल्या बसने कळमेश्वरला गेल्या होत्या.

पुढे आमची बदली अकोल्याला झाली. नलू शिकली, कानाला मशीनही लागलं, लग्नही झालं, सांगून सवरून. गिरजाबाई गेल्याचं शंकरच्या पोस्टकार्डाने कळलं. कार्ड दुसऱ्या कुणाच्या अक्षरात होतं. इतक्या वर्षांत त्यांचे किती प्रसंग आहेत, पण मला त्या दिसतात कळमेश्वरहून परत आल्या त्या दुपारच्या. माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसल्या होत्या आणि मी दिलेला चहा त्यांच्या हातात निवत होता.

"त्याले म्या समोर बसवलं," त्या सांगत होत्या. "सांगितलं, बापा, तुह्या कानात कमी होतं. तू मुजोर नव्हता. आमी येडे होतो. तुले फुकट मारलं. त्याच्या बायकोनं भाकर वाढली. मंग पोरगा म्हणे, माय, मले त मालूमच नव्हतं. मले वाटे, सगळ्यायलेच इतकंच ऐकू येते. बाकीचे पोरं हुशार हायेत म्हणून त्यायले समजते, आन मी ढ हाये म्हणून मले नाही समजत."

त्यांनी चहा खाली ठेवला. "पंचवीस वर्षांचा झाला, वैनी. आतापर्यंत त्याले हेच वाटून राहिलं होतं."

बाहेरच्या खोलीत नलू पाटीवर काहीतरी गिरवत होती. मी उठून गेले, तिच्यापुढे जमिनीवर बसले, ती वर बघेपर्यंत थांबले आणि विचारलं, "नलू, आजीनं सांगायच्या आधी शाळेत तुला ऐकू यायचं नाही, तेव्हा तुला काय वाटायचं गं?"

तिने पाटी खाली ठेवली. "मला वाटायचं," ती म्हणाली, "बाई सगळ्यांशी बोलतात, फक्त माझ्याशी बोलत नाहीत."